ट्वील: मोटारीसाठी काढला, लोडरला लागला

जानेवारी २००५ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मिशेलिननं एक चाक मांडलं. त्यात ना हवा, ना ट्यूब, ना व्हॉल्व्ह. मधे धातूचा हब, बाहेर नेहमीसारखा रबरी ट्रेड (रस्त्याला टेकणारा थर) आणि दोहोंच्या मधे पॉलियुरेथेनचे पातळ, वाकणारे आरे. टायर आणि व्हील एकजीव, म्हणून नाव ट्वील. कंपनीच्या ग्रीनव्हिल, साउथ कॅरोलायना इथल्या संशोधन केंद्रात टिम राइन आणि स्टीव्ह क्रॉन यांच्या गटानं ते घडवलं होतं. ऑडी ए-फोर मोटारीला चार ट्वील लावून ती चालवूनही दाखवली गेली. पंक्चरचा काळ संपला, असे मथळे तेव्हा जगभर छापून आले.

प्रत्यक्षात सात वर्षांनी, २०१२ मध्ये, ट्वील विकायला आला तो स्किड स्टीअर लोडरसाठी. आपल्याकडे साइटवर ज्याला सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात ते बुटकं, जागच्या जागी गर्रकन वळणारं यंत्र. पाठोपाठ गवत कापण्याच्या मोठ्या यंत्रांसाठीची आवृत्ती आली आणि २०१४ च्या नोव्हेंबरात साउथ कॅरोलायनातच पिडमाँटला फक्त बिनहवेचे टायर बनवणारा कारखाना सुरू झाला. मोटारीला मात्र ट्वील लागला नाही.

एकच रचना एका वाहनावर अडते आणि दुसऱ्यावर धंदा करते, ते का, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. ट्वीलचा फोटो पाहिला की नजर आऱ्यांवर जाते आणि बहुतेक लेखही तिथेच थांबतात. आमच्या मते खरा शोध आऱ्यांचा नाहीच. तो ट्रेडच्या खाली दडलेल्या पट्ट्याचा आहे. आऱ्यांनी दिला तो त्रास.

हवा नेमकं काय करते

राइन आणि क्रॉन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हवेच्या टायरचे चार गुण मांडले: खडबडीत रस्त्यावर ऊर्जेची नासाडी कमी, उभ्या दिशेनं मऊपणा, जमिनीवरचा दाब कमी आणि वजन कमी. हे चारही एकदम हवेत, ही खरी अडचण आहे. फोर्कलिफ्टला लावतात तसा भरीव रबराचा टायर पंक्चर होत नाही, पण तो चारही कसोट्यांवर नापास होतो. ओझं फक्त चाकाच्या तळाशी असलेल्या रबराच्या तुकड्यावर उभं राहतं आणि बाकीचं रबर नुसतं वजन म्हणून फिरत राहतं.

लाकडी बैलगाडीचं चाक असंच. ओझं तुंब्यातून खालच्या एक-दोन आऱ्यांवर उभं असतं, म्हणून प्रत्येक आरा पूर्ण ओझं पेलण्याइतका जाड करावा लागतो आणि सगळं चाक जड होतं. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस वाहायला टायरगाड्या आल्या त्यामागे रस्ता जसा होता तसा हाही हिशेब होता. हवेच्या टायरमध्ये ओझं खालून उभं नसतं, वरून टांगलेलं असतं. हवेच्या दाबानं बाजूच्या भिंतींतल्या कॉर्ड (रबरात गुंफलेले दोरे) सगळीकडून ताणलेल्या असतात. जमिनीला टेकलेल्या भागात त्यांचा ताण घटतो, वर तो तसाच राहतो, आणि या फरकावर रिम लटकते. म्हणजे टायरचा जवळजवळ पूर्ण घेर ओझं वाहण्यात सामील असतो. कमी मालात जास्त ओझं पेलतं ते यामुळे.

हवा काढून घेतल्यावर ओझं टांगून ठेवायचं कुणी आणि जमिनीवर सारखा दाब द्यायचा कुणी, असे दोन प्रश्न उरतात. ट्वीलमध्ये पहिलं काम आऱ्यांकडे आहे, दुसरं पट्ट्याकडे.

पट्टा: न ताणणाऱ्या दोन थरांमधलं रबर

पोलादाची साधी कडी सपाट जमिनीवर दाबून पाहिली तर ती मधे उचलली जाते आणि सारा भार संपर्काच्या दोन कडांवर एकवटतो. असा टायर रस्त्यावर दोन रेघा दाबत चालेल. मधल्या ट्रेडचा उपयोग नाही आणि ओल्या रस्त्यावर पकड नाही. म्हणून ट्वीलचा पट्टा तीन थरांचा केला आहे. आत एक आणि बाहेर एक असे पोलादी कॉर्डचे दोन थर, जे जवळपास ताणलेच जात नाहीत, आणि मधे रबराचा जाड थर, जो फक्त तिरका सरकतो. पट्टा सपाट होताना वाकण्याऐवजी मधला थर तिरका होतो. संपर्काच्या मध्यापासून जितकं दूर जावं तितका तिरकेपणा जास्त, आणि तो सरळ रेषेत वाढतो. म्हणून जमिनीवरचा दाब या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा राहतो. हवेच्या टायरमध्ये नेमकं हेच घडतं.

यातून निघणारं सूत्र विलक्षण सोपं आहे: जमिनीवरचा दाब गुणिले चाकाची त्रिज्या, बरोबर मधल्या थराचा शिअर मोड्युलस (तिरकं सरकायला तो किती विरोध करतो त्याचं माप) गुणिले त्याची जाडी. मोटारीच्या मापात आकडे घालू. त्रिज्या ३०० मिमी, थराची जाडी १५ मिमी, शिअर मोड्युलस ४ मेगापास्कल. दाब येतो ०.२ मेगापास्कल, म्हणजे २ बार, म्हणजे सुमारे २९ पीएसआय. पेट्रोल पंपावर आपण ‘तीस भर’ सांगतो तेच. पंपावर जी गोष्ट मशीनवर ठरते ती इथे रबराच्या जाडीत आणि कडकपणात कायमची ओतलेली असते.

पुढे चला. एका चाकावर ४०० किलो ओझं आणि १८० मिमी रुंद ट्रेड धरला तर संपर्काची लांबी सुमारे ११ सेंमी येते. ओझं ५०० किलो झालं तर दाब तोच राहतो आणि लांबी साडेतेरा सेंमीच्या आसपास जाते. इथपर्यंत सगळं हवेच्या टायरसारखंच. फरक असा की ट्वीलमध्ये दाब बदलायची सोयच नाही. सहकुटुंब गावी निघताना मागच्या चाकांत चार पीएसआय जास्त भरणं, वाळूत उतरताना हवा कमी करणं, हे दोन्ही उपाय हातातून गेले. एक चाक एका ओझ्याच्या वर्गासाठीच बनतं.

आता किंमत काय मोजावी लागते ते पाहू. ११ सेंमी संपर्कात कडेचा तिरकेपणा ५५ भागिले ३००, म्हणजे सुमारे ०.१८. थराचा प्रत्येक भाग चाकाच्या एका फेऱ्यात शून्यावरून ०.१८ वर जातो, मधोमध पुन्हा शून्यावर येतो, उलट बाजूला ०.१८ होतो आणि परत शून्यावर येतो. रबर प्रत्येक वेळी दिलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. काही उष्णता होऊन जाते. ही नासाडी मोजतात लॉस फॅक्टरनं: तो जितका जास्त तितकी उष्णता जास्त. ०.१ लॉस फॅक्टरचं रबर थरात घातलं, तर ढोबळ हिशेबानं रोलिंग रेझिस्टन्स (चाक फिरतं ठेवायला लागणारा रेटा) सुमारे ११० न्यूटन, म्हणजे टनामागे २८ किलोच्या घरात जातो. मोटारीचा चांगला रेडिअल टायर टनामागे ८ ते १० किलोत बसतो. त्याच्या बरोबरीला यायचं तर थराचा लॉस फॅक्टर ०.०३ च्या आसपास हवा. म्हणजे पकड देणारं ट्रेडचं रबर इथे चालत नाही. उसळी घेणारं, ऊर्जा परत देणारं वेगळं मिश्रण लागतं.

२००५ मध्ये मिशेलिननं सांगितलं होतं की रोलिंग रेझिस्टन्स आणि वजन हे दोन्ही हवेच्या टायरच्या पाच टक्क्यांच्या आत आणले आहेत. वरचा हिशेब पाहता ही साधी गोष्ट नव्हे. पट्ट्याचं गणित तेव्हाच बरंचसं सुटलं होतं, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

आरे

ट्वीलचा आरा दाबाखाली उभा राहत नाही. तो हबपासून पट्ट्यापर्यंत, चाकाच्या पूर्ण रुंदीचा पातळ पडदा आहे. चाकाच्या वरच्या अर्ध्या भागातले आरे ताणले जातात आणि हब त्यांच्यावर लटकतो. खाली, संपर्काच्या जागी, आरा सैल होऊन वाकतो आणि जवळपास काहीच पेलत नाही. तो ठरलेल्या बाजूलाच वाकावा म्हणून मुळातच किंचित वक्र ठेवतात. सरळ ठेवला तर कधी इकडे, कधी तिकडे दुमडेल, शेजारच्या आऱ्याला घासेल आणि दुमडण्याची जागा दर वेळी बदलेल.

बनवायची पद्धत साधारण अशी. हब आणि तयार पट्टा साच्यात एकाच केंद्रावर बसवतात. दोन्हींच्या ज्या पृष्ठभागांना पॉलियुरेथेन चिकटायचं ते खरवडून, धुऊन त्यांवर प्रायमर लावतात. मग गरम प्रीपॉलिमर (अर्धवट घडलेलं पॉलियुरेथेन) आणि क्युरेटिव्ह (ते पक्कं करणारं रसायन) मिसळून मधल्या पोकळीत ओततात आणि भट्टीत पक्कं होऊ देतात. थंड होताना पॉलियुरेथेन एखाद-दीड टक्का आकसतं. हब आणि पट्टा जागचे हलत नसल्यानं आरे आपोआप थोडे ताणात येतात, आणि तो ताण इथे हवाच असतो. चिकटवण हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक टप्पा. प्रायमरवर हाताचं तेल लागलं, मिश्रणात दमटपणा शिरला, बुडबुडा राहिला, तर आरा मधे तुटत नाही; तो मुळाशी, हबच्या किंवा पट्ट्याच्या जोडावर सुटतो. भेग शोधायची ती तिथेच.

पॉलियुरेथेनचा प्रकारही पाहून निवडावा लागतो. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन झिजेला चिवट, पण उष्ण-दमट हवेत पाण्यानं त्याच्या साखळ्या तुटतात. पॉलिइथर जातीचं पाण्याला टिकतं. कोकणासारख्या हवेत चार पावसाळे काढायचे असतील तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

मोटारीवर कुठे अडलं

पहिली अडचण आवाजाची. ताशी ८० किमीच्या वर ट्वीलवरची मोटार थरथरायची आणि गुणगुणायची. कारण आऱ्याच्या कामातच आहे. प्रत्येक आरा संपर्कात शिरताना सैल पडतो आणि बाहेर पडताना झटक्यानं ताणला जातो. ३०० मिमी त्रिज्येचं चाक ८० किमी वेगात सेकंदाला सुमारे पावणेबारा फेरे घेतं. हिशेबापुरते ५० आरे धरले तर सेकंदाला ५९० झटके बसतात. हा सूर माणसाच्या कानाला अगदी स्पष्ट ऐकू येतो, वर तो हबमधून थेट सस्पेन्शनला आणि तिथून बॉडीला जातो. हवेच्या टायरमध्ये भिंत अखंड असल्यानं असे वेगळे झटकेच नसतात. आरे वाढवले तर प्रत्येक झटका लहान होतो, पण वजन वाढतं. अंतरं मुद्दाम असमान ठेवली तर एक सूर फुटून अनेक होतात. ट्रेडचे ठोकळे याच कारणासाठी असमान मापाचे असतात. दोन्ही उपाय आवाज कमी करतात, घालवत नाहीत.

दुसरी अडचण उष्णतेची. वरच्या उदाहरणात ११० न्यूटन रोलिंग रेझिस्टन्स असलेलं चाक ८० किमी वेगात सुमारे २.४ किलोवॉट उष्णता तयार करतं. ती बहुतेक रबराच्या आणि पॉलियुरेथेनच्या पोटात, आणि दोन्ही उष्णतेचे वाईट वाहक. ०.०३ लॉस फॅक्टरचं मिश्रण वापरलं तर हा आकडा पाऊण किलोवॉटच्या आत येतो. आऱ्यांची स्वतःची उष्णता त्यावर वेगळी. पॉलियुरेथेन तापलं की मऊ होतं, मऊ झालं की आरा जास्त लांबतो, जास्त लांबला की आणखी तापतो. हमरस्त्यावर तासन् तास भरधाव चालणाऱ्या गाडीत हे चक्र धोक्याचं. शिवाय सतत ताणात असलेलं प्लास्टिक हळूहळू कायमचं लांबतं. उन्हात महिनाभर एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचं चाक त्यामुळे किंचित अगोल होऊ शकतं.

तिसरी अडचण चिखलाची. आऱ्यांच्या मधली जागा दोन्ही बाजूंनी उघडी. हबपासून पाव मीटर अंतरावर २०० ग्रॅम माती चिकटली तर ८० किमी वेगात ती सुमारे २७४ न्यूटनचं, म्हणजे २८ किलोइतकं बल फिरवत ठेवते. ज्यांनी पावसाळ्यात मराठवाड्यातल्या काळ्या रानातून मोटारसायकल बाहेर काढली आहे, त्यांना मडगार्डमध्ये किती माती बसते हे सांगायला नको. तिच्यापुढे २०० ग्रॅम काहीच नाही.

आणखी एक गोष्ट, जी अडचण आहे की सोय ते वाहनावर ठरतं. आरे पूर्ण रुंदीचे पडदे असल्यानं चाक उभ्या दिशेनं मऊ आणि आडव्या दिशेनं फार कडक. मिशेलिनच्या सांगण्यानुसार आडवा कडकपणा हवेच्या टायरच्या पाचपट होता. हवेच्या टायरमध्ये हे दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. दाब वाढवला की दोन्ही वाढतात. ट्वीलमध्ये ते वेगवेगळे ठरवता येतात, ही रचनाकाराच्या दृष्टीनं मोठी मोकळीक आहे. पण मोटारीचं सस्पेन्शन हवेच्या टायरचा मऊपणा गृहीत धरून जुळवलेलं असतं. त्याला पाचपट कडक चाक लावलं की वळणावरचं वागणं बदलतं आणि सगळी जुळवणी पहिल्यापासून करावी लागते.

लोडरवर का चाललं

स्किड स्टीअर लोडर ताशी १०-१२ किमीनं चालतो. दोन गतींचे काही थोडे जास्त. १० किमी वेगात वरचे सगळे आकडे कोसळतात. उष्णता आठव्या हिश्श्यावर येते. २०० ग्रॅम मातीचं बल चौसष्टाव्या हिश्श्यावर, म्हणजे अर्ध्या किलोच्याही खाली येतं. आऱ्यांचे झटके सेकंदाला ७४ वर येतात आणि डिझेल इंजिनाच्या धडधडीत हरवतात. मोटारीवर जे दोष सोडवता आले नाहीत ते लोडरवर सोडवायचीच गरज उरली नाही.

उलट जिथे हवेचा टायर हरतो, नेमकी तीच जागा लोडरची. पाडकामाच्या साइटवर सळ्यांचे तुकडे, खिळे, काच; भंगाराच्या आवारात पत्र्याच्या धारा. चाकं वळत नसल्यानं यंत्र एका बाजूची चाकं जोरात किंवा उलटी फिरवून वळतं, म्हणजे प्रत्येक वळणावर चारही टायर जमिनीवर आडवे घासटतात. या घासटण्यात हवेचा टायर रिमवरून निसटतो किंवा बाजूची भिंत चिरते. आधीचे पर्याय दोन: टायरमध्ये पॉलियुरेथेनचा फोम भरणं, ज्यानं चाक फार जड होतं, आणि भरीव रबर, ज्यावर चालकाच्या पाठीचं भुस्कट पडतं, कारण या यंत्राला बहुधा सस्पेन्शन नसतं आणि टायर हीच एकमेव स्प्रिंग असते. ट्वील या दोन्हींच्या मधे बसतो. उभ्या दिशेचा मऊपणा राहतो आणि आडवा कडकपणा इथे कामी येतो: बकेट भरून वर उचलल्यावर यंत्र डुलत नाही.

चंद्रावरच्या रोव्हरचं चाकही याच नियमात बसतं. १९७१-७२ च्या तीन अपोलो मोहिमांत वापरलेलं ते चाक जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेच्या जाळीचं होतं, व्यास सुमारे ८२ सेंमी, तार ०.८४ मिमी जाडीची, पकडीसाठी वर टायटॅनिअमच्या पट्ट्या. वेग सायकलइतका, ओझं पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याचं. अपोलो १७ मध्ये एकूण ३६ किमीच्या आसपास प्रवास झाला. चाक उत्तमच होतं, पण त्यानं मोटारीसाठी काही सिद्ध केलं नाही.

लावताना आणि वापरताना

लोडरला ट्वील लावायचा निर्णय घेतला तर पहिलं काम कागदावरचं: पुढच्या चाकावर येणारं खरं ओझं काढणं. रेटेड क्षमता ही उलटण्याच्या मर्यादेच्या निम्मी धरतात. समजा यंत्र ३,००० किलोचं आणि रेटेड क्षमता ९०० किलो, म्हणजे उलटण्याची मर्यादा १,८००. त्या क्षणी मागची चाकं हलकी होऊन उचलायला लागतात आणि यंत्र अधिक माल असे ४,८०० किलो पुढच्या दोन चाकांवर येतात, प्रत्येकी २,४००. चाकाची ओझ्याची मर्यादा या आकड्याशी ताडून पाहायची. यंत्राचं वजन भागिले चार करून मोकळं होणं ही नेहमीची चूक. ओझं मर्यादेबाहेर गेलं की आरा पूर्ण दुमडतो, पट्टा हबवर आदळतो, आणि दोनचार हजार वेळा आदळला की आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी भेग उमटते.

चारही चाकं एकदम बदलायची. बहुतेक यंत्रांत एका बाजूची दोन चाकं साखळीनं एकाच वेगाला बांधलेली असतात. पुढे ट्वील आणि मागे जुना, झिजलेला हवेचा टायर ठेवला तर घेरातला फरक साखळी ओढून भरून काढते. ट्रेड लवकर जातो आणि साखळी ताणते. मध्यम मापाच्या यंत्रांना १२-१६.५ मापाचं, आठ बोल्टांचं चाक लागतं, पण माप जुळलं म्हणून ऑफसेट (बोल्ट बसतात तो पृष्ठभाग चाकाच्या मध्यापासून किती सरकलेला आहे ते अंतर) जुळतोच असं नाही. बसवल्यावर बकेटचे हात खाली असताना आणि पूर्ण वर असताना चाक आणि बॉडीमधलं अंतर पाहावं. चाकांची बाहेरची रुंदी बकेटच्या रुंदीपेक्षा जास्त निघाली तर भिंतीलगत काम करताना चाक आधी घासेल.

हबचा चेहरा वायर ब्रशनं साफ करून, नट समोरासमोरचे आवळत, यंत्राच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला आणावेत आणि पहिले आठ-दहा तास काम झाल्यावर पुन्हा तपासावेत. त्यानंतरची देखभाल म्हणजे डोळे आणि पाण्याचा पाइप. आऱ्यांमधली माती दिवसाअखेर धुऊन काढावी. वेगामुळे इथे असंतुलनाची चिंता नाही, पण वाळलेल्या मातीत अडकलेला दगड आऱ्याला वाकू देत नाही आणि तो कापतो. आठवड्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाजूंनी आऱ्यांची मुळं पाहावीत. रिकामं यंत्र सपाट फरशीवर उभं करून प्रत्येक हबच्या मध्याची उंची टेपनं मोजून लिहून ठेवावी. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खाली बसायला लागलं की त्याचे आरे लांबलेत किंवा सुटलेत. एखादा आरा तुटला तर यंत्र थांबवायची गरज नाही, कारण ओझं शेजारच्यांत वाटलं जातं. एकमेकांना लागून असलेले अनेक तुटले तर चाक काढावं. गरम स्लॅग आणि गॅस कटिंगच्या ठिणग्या यांच्यापासून चाक लांब ठेवावं. असं यंत्र ट्रेलरवर चढवून न्यावं. ट्रेलरला मात्र ट्वील लावू नयेत.

ट्रेड संपला की नेहमीच्या टायरवाल्याकडे इलाज नाही. हब, आरे, पट्टा एकजीव असल्यानं सगळं चाकच बदलतं किंवा नव्या ट्रेडसाठी उत्पादकाकडे जातं. खरेदीचा हिशेब करताना म्हणून पंक्चरमुळे बंद पडणारे तास हाच मुख्य आकडा धरावा. ज्या साइटवर महिन्याकाठी एखादंच पंक्चर होतं तिथे ट्वीलचे पैसे वसूल होणं कठीण. भंगाराच्या आवारात प्रश्नच नाही.

पुन्हा मोटारीकडे

जून २०१९ मध्ये माँट्रिऑलच्या एका परिषदेत मिशेलिन आणि जनरल मोटर्स यांनी अप्टिस नावाचं नवं चाक दाखवलं आणि २०२४ पर्यंत ते प्रवासी मोटारीवर आणायचं उद्दिष्ट सांगितलं. चाचण्या शेव्हरले बोल्ट या विजेच्या मोटारीवर होत्या. नुसत्या पॉलियुरेथेनच्या ओतीव आऱ्यांच्या जागी आता काचतंतू घातलेल्या रेझिनचे आणि रबराचे पातळ, लवचिक आरे आले. काचतंतू ऊर्जा जवळपास पूर्ण परत देतात, उष्णतेनं पॉलियुरेथेनसारखे मऊ पडत नाहीत आणि सतत ताणात ठेवले तरी फारसे लांबत नाहीत. म्हणजे वर सांगितलेल्या उष्णतेच्या चक्रावर थेट घाव. झटक्यांचा प्रश्न यानं सौम्य होतो. तो रचनेतच असल्यानं जात नाही.

२०२४ उलटलं, तरी मोटारमालकाला दुकानातून अप्टिस घेता येईल असं काही त्या वर्षात झालं नाही. जे झालं ते पुन्हा लोडरच्याच वाटेनं. २०२३ मध्ये सिंगापूरला डीएचएलच्या सुमारे ५० पार्सल गाड्यांवर अप्टिस बसवायला घेतले गेले आणि पुढच्या वर्षी उत्तर फ्रान्समध्ये टपाल खात्याच्या सुमारे ४० गाड्यांची योजना जाहीर झाली. ठरलेले मार्ग, ठरलेलं ओझं, शहरातला वेग, रात्री एकाच आवारात उभ्या राहणाऱ्या आणि रोज तपासता येणाऱ्या गाड्या. नियमांचा पेच वेगळा आहेच. अमेरिकेत प्रवासी मोटारींच्या बिनहवेच्या टायरसाठी १२९ क्रमांकाचं सुरक्षा मानक आहे, पण ते तात्पुरत्या स्टेपनीपुरतं.

पुण्या-मुंबईत पार्सलं पोचवणाऱ्या विजेच्या तीनचाकी गाड्या वरवर पाहता याच वर्गात बसतात. पण चाक लहान झालं की सूत्र उलटं फिरतं. त्रिज्या ३०० वरून २३० मिमीवर आली आणि पट्टा तोच ठेवला तर जमिनीवरचा दाब २ बारवरून २.६ बारवर जातो. तो खाली आणायला थर पातळ किंवा मऊ करावा लागतो. त्यातच १२ इंची रिमच्या मापाचा हब, ट्रेड आणि पट्टा वजा जाता आऱ्याला जेमतेम पाच सेंमी लांबी उरते. आरा आखूड झाला की खड्ड्यात तो लगेच पूर्ण दुमडतो. हब लहान करून एक-दोन सेंमी मिळवता येतील, पण आत ब्रेक ड्रम मावला पाहिजे. आणि या गाड्यांवर कागदावरच्या क्षमतेपेक्षा जास्त माल सर्रास चढतो. तेव्हा अशा गाडीच्या चाकाचं रेखाटन सुरू करण्याआधी पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन मागच्या आसावरचं ओझं मोजावं आणि आऱ्याचा हिशेब त्या आकड्यावर करावा.